सातासमुद्रापलीकडच्या माहेरवाशिणी

माहेरवाशीण घरी आली की पहिला प्रश्न काय विचारते? घर कसं आहे, हे नाही. ती विचारते, "अमकी काकू आहे का गं? तमक्या आजीचं काय झालं?" घर तिला दिसतच असतं, तिला माणसं हवी असतात. आजच्या भागात आम्ही अशाच काही बायकांची गोष्ट सांगणार आहोत. त्यांची घरं अमेरिकेत होती, आणि तरी त्या आपल्या सातारा-सांगली-कोल्हापूरकडे पुन्हा पुन्हा परत आल्या. त्या मिशनरी होत्या, कुणी मिशनऱ्याची बायको, कुणी मुलगी. त्या परत आल्यामुळे आपल्याकडच्या बायकांच्या पदरात काय पडलं, आणि या इतिहासात आपल्याच कोणत्या बायका नोंदीवाचून राहिल्या, हे आज आपण बघू.

आधी त्या काळचा प्रवास डोळ्यांसमोर आणा. सुएझचा कालवा १८६९ मध्ये सुरू झाला. त्याआधी अमेरिकेच्या बोस्टन बंदरातून निघालेलं शिडाचं जहाज आफ्रिकेला वळसा घालून मुंबईला यायचं. त्याला चार-चार महिने लागत. पत्र तितक्याच दिवसांनी पोचायचं आणि उत्तर यायला तेवढेच दिवस. म्हणजे "आई आजारी आहे" हे पत्र लेकीच्या हाती पडेपर्यंत आई बरी तरी झालेली असायची नाहीतर गेलेली तरी. त्यामुळे भारतात यायला निघालेली बाई आपल्या माणसांचा निरोप घ्यायची तो कायमचाच, असं समजून. एकदा मायदेशी गेलेलं माणूस पुन्हा इकडे येईल, याचीही खात्री नसायची. म्हणून त्या काळी जी परत आली, तिचं परत येणं मोठं मानायचं.

पहिली गोष्ट सिंथिया फॅरारबाईंची. त्या १८२७ मध्ये मुंबईत आल्या. लग्न झालेलं नव्हतं, सोबत नवरा नव्हता. अमेरिकन मिशनने एकट्या बाईला शिक्षिका म्हणून परदेशी पाठवायची ती अगदी सुरुवातीची वेळ. मुंबईत त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. दहा वर्षांनी तब्येत पार ढासळली, म्हणून १८३७ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. तिकडेच राहिल्या असत्या तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण दोन वर्षांनी, १८३९ मध्ये, त्या परत आल्या आणि अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, मुलींच्या शाळांचं काम बघू लागल्या.

आता हे आपल्या साताऱ्याशी कसं जोडलेलं आहे ते ऐका. जोतीराव फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. सावित्रीबाई खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या, जन्म १८३१ चा. जोतीरावांनी अहमदनगरला जाऊन फॅरारबाईंची मुलींची शाळा पाहिली आणि आपणही अशी शाळा काढावी हे त्यांच्या मनाने घेतलं. १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाईंनी शिकवण्याचं प्रशिक्षण याच फॅरारबाईंकडे घेतलं, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. शाळा फुल्यांची, धाडस सावित्रीबाईंचं, शेणाचे गोळे झेलले ते त्यांच्या अंगाने. ते श्रेय दुसऱ्या कुणाचं नाही. पण आजारी पडून मायदेशी गेलेली एक बाई पुन्हा जहाजात बसली, म्हणून जोतीरावांना बघायला एक शाळा होती, एवढं मात्र खरं.

आता महाबळेश्वरला जाऊ. अॅलन ग्रेव्हज आणि मेरी ग्रेव्हज हे जोडपं १८१८ मध्ये मुंबईत आलं. ग्रेव्हजसाहेब मराठी बायबलच्या भाषांतराचं काम करत. आजारपणामुळे ते अमेरिकेला गेले आणि १८३४ मध्ये पुन्हा आले. खालची हवा सोसेना म्हणून महाबळेश्वरला राहू लागले. तिथे त्या दोघांनी शाळा काढल्या. १८४३ च्या डिसेंबरमध्ये ग्रेव्हजसाहेब महाबळेश्वरलाच वारले. मेरीबाई मात्र राहिल्या. परक्या मुलखात विधवा बाई, धो-धो पावसाचा डोंगर, आणि तरी त्यांनी शाळा सोडली नाही. १८४९ मध्ये आपली छोटी शाळा त्यांनी साताऱ्यात आणली. साताऱ्यातल्या अमेरिकन मिशनचं काम तिथून उभं राहिलं. पुढे वाईलाही मिशनचा दवाखाना झाला. तिथे डॉ. लेस्टर बील्स आणि त्यांच्या पत्नी डॉ. रोझ बील्स या दोघांनी काम केलं. बाई डॉक्टर असली की पडद्यातली, लाजरी, घाबरलेली बाईसुद्धा दवाखान्याची पायरी चढते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आता सगळ्यात मोठी गोष्ट, कोल्हापूरच्या वायल्डर घराण्याची. रॉयल वायल्डर आणि एलायझाबाई हे दोघं १८४६ मध्ये भारतात आले. आधी अहमदनगर, मग १८५२ मध्ये कोल्हापूर. मधली काही वर्षं अमेरिकेत काढून ते पुन्हा आले. १८६३ मध्ये कोल्हापुरात त्यांचा मुलगा रॉबर्ट जन्मला. ग्रेस त्याच्यापेक्षा थोरली. या दोघा भावंडांचं लहानपण कोल्हापुरात गेलं. पंचगंगेचा पूर, रस्त्यावरची मराठी, उन्हाळ्याची धूळ, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. १८७५ च्या सुमारास वायल्डरसाहेबांची तब्येत टिकेना, म्हणून सगळं कुटुंब अमेरिकेला परतलं. मोठ्यांना ते मायदेशी जाणं वाटलं असेल. मुलांचं मात्र ते घर सुटणं होतं.

अमेरिकेत प्रिन्स्टन नावाच्या गावी राहून वायल्डरसाहेबांनी १८७८ मध्ये मिशनच्या बातम्यांचं एक नियतकालिक काढलं. त्या नियतकालिकाने आपल्या आनंदीबाई जोशींचं आयुष्य बदललं. गोपाळराव जोशी तेव्हा कोल्हापुरात टपाल खात्यात नोकरीला होते. बायकोला शिकवायचं, जमलं तर अमेरिकेत नेऊन शिकवायचं, हे त्यांच्या डोक्यात. कोल्हापुरात गोहीन नावाचे मिशनरी होते. त्यांच्या ओळखीने गोपाळरावांचं पत्र वायल्डरांपर्यंत गेलं. वायल्डरांनी ते नियतकालिकात छापलं. पण सोबत जे उत्तर छापलं त्यात मदतीपेक्षा उपदेश जास्त होता. त्याचा सूर असा, की तुम्ही आधी ख्रिस्ती व्हा.

ही बाजू आपण लपवायची नाही. मिशनरी आले ते मुळात धर्मप्रसारासाठी. शाळा आणि दवाखाने काढले तेही त्याच वाटेने. गोपाळरावांनी ती अट मानली नाही आणि आनंदीबाईंनीही मानली नाही. पण छापलेलं पत्र कुठे जाईल हे छापणाऱ्याच्या हाती नसतं. अमेरिकेतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई एकदा दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसल्या होत्या. तिथे पडलेला जुना अंक त्यांनी चाळला आणि ते पत्र वाचलं. घरी येऊन त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिलं. त्या पत्राने मैत्री झाली. इतकी, की आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

१८८३ मध्ये आनंदीबाई नवऱ्याशिवाय जहाजाने अमेरिकेला गेल्या आणि या मावशीच्या घरी उतरल्या. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूर दरबाराने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या स्त्रियांच्या विभागासाठी त्यांची नेमणूक केली. पण क्षयाने शरीर पोखरलं होतं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या पुण्यात गेल्या. वयाला बावीस वर्षंही पूर्ण नव्हती. त्यांची रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवली. ती त्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सी गावी आपल्या घरच्या दफनभूमीत ठेवली. तिथे आनंदीबाईंच्या नावाचा दगड आहे. आपली लेक तिकडच्या माणसांत विसावली आहे, मैत्रिणींनो.

त्याच १८८७ सालच्या ऑक्टोबरमध्ये रॉयल वायल्डर न्यूयॉर्कला वारले. एलायझाबाई विधवा झाल्या. भारतात पहिल्यांदा पाय ठेवल्याला तेव्हा एकेचाळीस वर्षं झाली होती. अशा वयात बाई काय करते? लेकासुनेच्या आधाराने राहते, नातवंडांची वाट बघते. एलायझाबाईंनी लेक ग्रेसला बरोबर घेतलं आणि दोघी कोल्हापूरला परत आल्या. कामासाठी तर आल्याच, पण ओळखीच्या माणसांतही आल्या. ज्या गावातून बारा वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर निघाल्या होत्या, तिथे पांढऱ्या केसांनी, लेकीचा हात धरून उतरल्या. ज्यांना त्यांनी मुली म्हणून शिकवलं होतं, त्या तोवर लेकुरवाळ्या झाल्या असणार. कुणी भेटली असेल, कुणी गेलेली असेल.

ग्रेस शिकलेली होती. माऊंट होलिओक या अमेरिकेतल्या नामांकित मुलींच्या विद्यालयातून १८८३ मध्ये ती बाहेर पडली होती. मनात आणतं तर तिकडे तिला काय कमी होतं? प्रिन्स्टनला असताना ती आणि रॉबर्ट, दोघं भावंडं, रोज एकत्र प्रार्थना करत, की अमेरिकेतल्या तरुणांनी परदेशी कामाला निघावं. १८८६ मध्ये माऊंट हर्मन इथे शंभर विद्यार्थ्यांनी तशी तयारी दाखवली. त्यातून मोठी चळवळ झाली. पुस्तकांत त्या चळवळीचा म्होरक्या म्हणून रॉबर्टचं नाव मोठ्या अक्षरांत येतं. ग्रेसचं येतं ते 'त्याची बहीण' म्हणून. भाऊ गावोगावच्या कॉलेजांत भाषणं देत राहिला. बहीण मात्र आईला सांभाळत इकडे कामाला लागलीसुद्धा. घर अमेरिकेतलं असो की आपलं, हा हिशेब आपल्या ओळखीचा आहे, नाही का?

पुढे रॉबर्टही आला. १८९२ मध्ये त्याने नॉर्वे देशातल्या हेलेनशी लग्न केलं आणि नव्या नवरीला घेऊन भारत गाठला. पुण्यात विद्यार्थ्यांमध्ये त्याने काही वर्षं काम केलं. कोल्हापुरात आई आणि बहीण होत्याच. नॉर्वेची सून, अमेरिकेची सासू आणि भेट कोल्हापुरात. ज्या गावात नवरा जन्मला ते गाव बघायला ती आली. आपल्याकडे नव्या सुनेला कुलदैवताला नेतात, तसंच काहीसं.

ग्रेसबाई नंतर इस्लामपूरच्या बाजूच्या खेड्यांत काम करू लागल्या. शहरातला बंगला सोडून खेड्यात, बायकांच्या जवळ राहून काम करायचं असा त्यांचा विचार. १९१०-११ च्या सुमारास मायलेकी दोघी मागेपुढे गेल्या. कोल्हापुरात वायल्डर मेमोरियल चर्च आहे. त्या चर्चपुढून आपल्यातल्या कितीजणी गेल्या असतील. नावातला वायल्डर म्हणजे बाप. पण त्या नावामागे दोन बायका होत्या, हे यापुढे तिथून जाताना आठवा.

आता सांगली-मिरजेकडे येऊ. डॉ. विल्यम वानलेस हे कॅनडात जन्मलेले. पत्नी मेरीबाईंना घेऊन ते १८८९ मध्ये सांगलीत आले आणि छोटा दवाखाना काढला. नंतर मिरजेत १८९४ मध्ये मिशनचं रुग्णालय उघडलं. जागा मिरजेच्या संस्थानिकांनी दिली, इमारतीला पैसा अमेरिकेतल्या दात्याने दिला. तीन वर्षांनी तिथेच वैद्यकीय शाळा सुरू झाली. आज मिरजेला लांबलांबून, कर्नाटकातूनही पेशंट येतात, त्या परंपरेची सुरुवात ही. क्षयाच्या रोग्यांसाठी सांगली-मिरजेच्या मध्ये आरोग्यधाम झालं, त्या वस्तीला वानलेसवाडी हे नाव पडलं. मेरीबाई १९०६ मध्ये वारल्या. कोल्हापुरातल्या रुग्णालयाला त्यांचं नाव आहे. वानलेस साहेब जवळजवळ चाळीस वर्षं इथे राबून १९२८ मध्ये निवृत्त झाले आणि १९३३ मध्ये अमेरिकेत वारले. पण वानलेसवाडी अजून वानलेसवाडीच आहे.

आणि ते गोहीन आठवतात का? ज्यांच्या ओळखीने आनंदीबाईंसाठीचं पत्र अमेरिकेला गेलं, ते. त्या गोहीन घराण्यातले जॉन गोहीन सांगलीच्या मिशन शाळेत मुलांना शेती आणि हातकाम शिकवत. पुढे इचलकरंजी संस्थानचा कारभारही त्यांनी पाहिला. त्याच घराण्यातले डॉ. रॉबर्ट गोहीन वेंगुर्ल्याच्या मिशन दवाखान्यात डॉक्टर होते. त्यांच्या मुलाचं नावही रॉबर्ट. तो वेंगुर्ल्याला १९१९ मध्ये जन्मला, आणि तारीख कोणती, तर १५ ऑगस्ट. मोठा होऊन तो प्रिन्स्टन या नामवंत विद्यापीठाचा अध्यक्ष झाला. १९७७ मध्ये अमेरिकेने त्याला भारतात राजदूत म्हणून पाठवलं. कोकणच्या लाल मातीत खेळलेलं पोर दिल्लीला अमेरिकेचा राजदूत म्हणून परत आलं.

अशी परत येणारी कुटुंबं पुढेही होती आणि आजही असतात. मिशनच्या बंगल्यात वाढलेली मुलं म्हातारपणी आपल्या लेकरा-नातवंडांना घेऊन येतात. जुना बंगला शोधतात, शाळेची घंटा शोधतात, दफनभूमीतल्या दगडावरचं नाव बोटाने वाचतात. आणि मग तोच माहेरवाशिणीचा प्रश्न विचारतात. आम्हाला सांभाळणारी आया कुठे राहायची? तिचं कुणी आहे का? आईबरोबर खेड्यांत फिरणारी ती बाई कोण? त्या नर्सचं आडनाव काय होतं?

इथे गाडी अडते. साहेबांच्या नावाचं हॉस्पिटल आहे, वाडी आहे, चर्च आहे. मिशनऱ्यांची पत्रं आणि अहवाल अमेरिकेत फिलाडेल्फिया आणि हार्वर्डच्या संग्रहांत जपून ठेवलेले आहेत. वानलेस साहेबांची तारीख-वार माहिती मिळते. पण रात्रभर जागून पेशंटच्या उशाशी बसलेल्या नर्सची? घरोघरी जाऊन बायकांना अक्षरं शिकवणाऱ्या बायबलबाईची? जिने स्वतःचं तान्हं सासूकडे ठेवून बंगल्यातलं बाळ वाढवलं तिची? आलेल्यांची नोंद झाली. ज्या कुठे गेल्याच नाहीत, त्यांची फार थोडी.

या बायका कोण होत्या, तेही लक्षात घ्या. त्यांतल्या पुष्कळजणी अशा घरांतल्या, ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरायची बंदी होती, ज्यांच्या लेकरांना गावच्या शाळेत ओटीवरसुद्धा बसू देत नसत. काहींनी धर्म बदलला, त्यावरून भावकीत वितुष्ट आलं. काही विधवा होत्या, काही टाकलेल्या. मिशनने त्यांना शाळा दिली, पगार दिला. त्यांनीही मिशनला खूप काही दिलं. परक्या बाईला मराठी बोलायला शिकवलं. कोणत्या दारात कसं बोलायचं, कुठे चप्पल काढायची, बाळंतिणीच्या सासूला कसं पटवायचं, हे त्यांनी शिकवलं. त्या सोबत नसत्या तर साहेबाला गावच्या वेशीच्या आत कुणी येऊ दिलं नसतं. हा व्यवहार दोन्ही बाजूंचा होता. लिहिला गेला तो एका बाजूने.

म्हणून आम्ही आपल्या गटांना एक काम सुचवतो. साताऱ्यात, वाईला, मिरजेत, सांगलीत, इस्लामपुरात अजून अशा आज्या आहेत, ज्यांची आई किंवा आजी मिशनच्या शाळेत शिकली, दवाखान्यात नर्स होती, बंगल्यावर कामाला होती. गटाची बैठक झाली की दोघीतिघींनी त्यांच्याकडे जा. त्यांची परवानगी घ्या आणि मोबाइलवर बोलणं रेकॉर्ड करा. विचारा, तुमच्या आईचं पूर्ण नाव काय? माहेरचं गाव कोणतं? किती शिकली? पगार किती होता आणि तो कुणाच्या हातात जायचा? साहेब लोक गेल्यावर तिचं काय झालं? पुन्हा कुणी भेटायला आलं का? आलं तेव्हा काय बोलणं झालं? घरात जुना फोटो असेल तर त्यातल्या प्रत्येक बाईचं नाव मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवा. पेनाची शाई फोटोत उतरते, म्हणून पेन्सिलच घ्या.

गोड तेवढंच विचारू नका. कुणाला वाईट वागवलं गेलं असेल, कुणाला धर्मावरून दोन्हीकडून टोमणे बसले असतील, कुणाची पगारात फसगत झाली असेल, तेही ऐका आणि टिपून ठेवा. फक्त एखादी म्हणाली, "हे बाहेर सांगू नका," तर ते घरातच राहू द्या.

आणि परदेशातलं एखादं कुटुंब असं शोधत आपल्या गावात आलंच, तर चहा द्या, जागा दाखवा, मोकळेपणाने बोला. त्यांच्याकडे जुनी पत्रं आणि फोटो असतात. त्यांच्या प्रती मागून घ्या. लाजू नका, कारण त्या फोटोत आपली माणसं आहेत. ते आपल्याला विचारतात तसं आपणही त्यांना विचारा: तुमच्या आजीच्या पत्रात आमच्या आजीचं नाव आहे का?

असेल तर ते नाव वहीत लिहा, आणि आम्हालाही कळवा. पुढच्या भागात ते मोठ्याने वाचून दाखवू. तोवर निरोप घेतो. नमस्कार.